पाणंदीतला आठवडा आणि रक्तातलं पाणी

रविवारी संध्याकाळी त्या चढाच्या माथ्यावर पोचले तेव्हा मनगटावरच्या घड्याळात ठोके होते 158. गुरुवारी तोच चढ, तोच वेग, हवाही जवळपास तीच 14 अंशांची, आणि ठोके 149. मधल्या तीन दिवसांत मी दोनदा सायकल चालवली होती आणि एकदा थोडं धावले होते. एवढ्यात स्नायू वाढत नाहीत, फुप्फुसंही मोठी होत नाहीत. मग हृदयाचं काम हलकं झालं कशानं?

ताई आणि भाऊजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, न्यूपोर्ट गावाबाहेर राहतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे होते. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण झाल्यावरसुद्धा धावायला जाता येतं. समोर क्लू उपसागर, त्यात विखुरलेली हिरवी बेटं, पलीकडे 764 मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर. ही बेटं म्हणजे हिमयुगातल्या बर्फानं रेटत रेटत घडवलेल्या माती-गोट्यांच्या टेकड्या. बर्फ वितळून समुद्र चढला आणि त्यांचे पाय पाण्यात गेले. अशा टेकडीला जगभरचे भूशास्त्रज्ञ ड्रमलिन म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी आयरिश भाषेतूनच घेतला आहे. किनाऱ्यावरची जमीनही याच टेकड्यांची आहे, पालथ्या वाट्या शेजारी शेजारी मांडाव्यात तशी. म्हणून इथे सपाट धावणं फारसं नाहीच. दोनशे-तीनशे मीटर चढ, लगेच तेवढाच उतार.

या टेकड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते पाहिले आणि मला पहिल्याच दिवशी आमच्या आजोळची पाणंद आठवली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यावर काटेरी झुडपं, लालजांभळ्या फुलांनी लगडलेली फ्यूशियाची कुंपणं, मधोमध गवताची पट्टी. इथले लोक अशा वाटेला बोरीन म्हणतात. रस्त्यासाठीचा त्यांचा मूळ शब्द ‘बो’ म्हणजे गाय यावरून आला आहे. गुरं जाण्याची वाट ती बोरीन. भाषाशास्त्रज्ञांच्या मते आयरिश ‘बो’ आणि संस्कृत ‘गो’ ही एकाच आदिम शब्दाची लेकरं. मला या गोष्टीचा फार आनंद झाला. आयर्लंडमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे धावताना मी उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून धावत होते. वळणावर कुंपण इतकं दाट असतं की ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो.

रविवारी आठ किलोमीटर धावले, चढ-उतार सगळे धरून. सोमवारी काही दुखलं नाही. मंगळवारी सकाळी मात्र ताईच्या घराचा जिना उतरताना दोन्ही मांड्या अशा आखडल्या की कठडा धरावा लागला. गंमत म्हणजे चढताना तितका त्रास नव्हता. आपल्याकडे लगेच म्हणतात, लॅक्टिक ॲसिड साचलं असेल. ते बिचारं तासाभरात रक्तातून साफ होतं. दोन दिवसांनी येणाऱ्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. खरं कारण उतार. उतारावर पाऊल टेकतं तेव्हा गुडघा वाकतो आणि शरीर खाली कोसळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. म्हणजे तो आवळलेला असतो आणि त्याच क्षणी ताणलाही जात असतो. या ओढाताणीत स्नायूच्या तंतूंमधली सूक्ष्म जुळणी जागोजागी विस्कटते. मग दुरुस्तीसाठी तिथे दाह होतो, थोडी सूज येते आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांच्या दरम्यान शिगेला पोचतं.

सायकलवर हे जवळजवळ होतच नाही. पेडल दाबताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. अंगाचा भार झेलत ताणलं जाण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. म्हणूनच सोमवारी मी वीस किलोमीटर सायकल मारली तरी या दुखण्यात भर पडली नसावी. शरीराची आणखी एक करामत अशी की एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बराच सहज सोसतो. गुरुवारी तेच उतार धावले आणि शुक्रवारी, शनिवारी जिना विनातक्रार उतरले.

सायकलचा विषय निघालाच आहे तर डनलॉपबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे पूर्वी डनलॉपची गादी म्हणजे श्रीमंती. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटिश, पण आयर्लंडच्या उत्तरेला बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडते म्हणून त्यानं तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी अशा टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या गेल्या. रॉबर्ट थॉमसन यानं हीच कल्पना 1840च्या दशकात मांडली होती, पण तेव्हा सायकली नव्हत्या आणि कल्पना मागे पडली. यातलं विज्ञान बोरीनवर हाताला लागतं. तिथे डांबरावर खडी दाबलेली असते, पृष्ठभाग खरखरीत. कडक चाकाला प्रत्येक खड्यावरून स्वारासकट सगळा भार उचलावा लागतो, आणि ती उचललेली ताकद पलीकडे आदळण्यात वाया जाते. हवेचा टायर खडा पोटात घेतो, फक्त तेवढाच भाग दबतो आणि सोडताना बरीचशी ऊर्जा परतही देतो. पहिल्या फेरीत मी हवा दगडासारखी कडक भरली होती. भाऊजींनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, थोडी हवा सोडली आणि म्हणाले, “आता बघ.” हातांना बसणारा थरथराट निम्मा झाला.

बुधवारी ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट, मुलरॅनी करत ॲकिल बेटाच्या तोंडापर्यंत जाणारी 42 किलोमीटरची ही वाट एकेकाळी रेल्वेमार्ग होती. गाडी 1895 मध्ये ॲकिलपर्यंत पोचली आणि 1937 मध्ये बंद झाली. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी टेकड्या फोडल्या, भराव घातले, पूल बांधले, आणि आज त्याचं सुख सायकलवाल्यांना मिळतं. ड्रमलिनांच्या मुलखात इतकी सौम्य वाट दुसरी नाही.

वारा मात्र सौम्य नसतो. अटलांटिकवरून तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. सायकल भाड्यानं देणारे लोकांना गाडीतून ॲकिलला सोडतात आणि तिथून वेस्टपोर्टकडे यायला सांगतात, त्याचं कारण हेच. आम्ही न्यूपोर्टहून पश्चिमेला निघालो, म्हणजे वाऱ्यावर चालून. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 20 किलोमीटरनं जाताना समोरून तेवढाच वारा आला तर हवेच्या दृष्टीनं तुमचा वेग 40 होतो, आणि अडथळा दुप्पट न होता चौपट होतो. मनात येतं, जाताना जे गेलं ते येताना परत मिळेल. ते मिळत नाही. समजा वारा नसताना तुम्ही 20च्या वेगानं 20 किलोमीटर गेलात आणि परत आलात, तर लागले दोन तास. आता तेवढाच दम लावून, ताशी 20च्या वाऱ्यात हीच फेरी करा. मी आकडेमोड करून पाहिली. जाताना वेग 10-11वर येतो, येताना 33पर्यंत जातो. जायला जवळपास एक तास त्रेपन्न मिनिटं, यायला छत्तीस-सदतीस. एकूण अडीच तास. समोरचा वारा जोरात अडवतो हे एक, आणि त्याच्या तावडीत आपण जास्त वेळ असतो हे दुसरं.

तरीही सायकल स्वस्त. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. 60 किलोच्या माणसाला दहा किलोमीटरला सहाशे. सायकलवर, वारा नसेल आणि वेग बेताचा असेल, तर तेवढ्याच अंतराला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. धावताना प्रत्येक पावलाला आपण स्वतःला उचलतो आणि झेलतो. सायकलवर ते काम खोगीर करतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. 158चे 149 का झाले?

लांब पल्ल्याच्या व्यायामानंतर शरीर सगळ्यात आधी रक्तातला द्रव वाढवतं. घामानं पाणी गेलं, रक्त स्नायूंकडे वळलं, की मूत्रपिंडांना संप्रेरकांचा निरोप जातो: मीठ आणि पाणी धरून ठेवा. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन जास्त बनवू लागतं आणि ते पाणी रक्तवाहिन्यांमध्ये खेचून ठेवतं. ही वाढ पहिल्या चोवीस तासांत सुरू होते आणि काही दिवसांत दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. माझ्या चणीच्या बाईत रक्तद्रव अडीच लिटरच्या आसपास असतो, म्हणजे वाढ पावशेर, मोठा कपभर. एवढ्यानं हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. घड्याळ थंडीत, ओल्या मनगटावर चुकतं, झोप आणि चहाचाही ठोक्यांवर परिणाम होतो, त्यामुळे माझे नऊ ठोके हा पुरावा नव्हे. पण दिशा अगदी अपेक्षित होती.

याची एक बाजू बायकांनी जरूर लक्षात ठेवावी. रक्त पातळ झालं की तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली दिसू शकतो, तांबड्या पेशी कमी झालेल्या नसतानाही. मात्र आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची खरी कमतरता इतकी सर्रास आढळते की “धावते म्हणून असेल” असं म्हणून तो कागद कपाटात ठेवू नये. डॉक्टरांना दाखवावा आणि व्यायाम सुरू केल्याचंही सांगावं.

गुरुवारची धाव झिमझिम पावसात झाली. हवेतली आर्द्रता 95 टक्के, आणि तरी अंग तापलं नाही. ठाण्यात जुलैत 85 टक्क्यांना जीव नकोसा होतो. टक्के इथे फसवतात, कारण थंड हवेत वाफ मुळातच कमी मावते. 14 अंशांना 95 टक्के म्हणजे घनमीटरला साडेअकरा ग्रॅम वाफ. 29 अंशांना 85 टक्के म्हणजे साडेचोवीस. त्वचेलगतच्या ओल्या थरात असते 36 ग्रॅमच्या आसपास. घाम उडतो तो या फरकावर. मेयोत हा फरक ठाण्याच्या दुप्पट होता, आणि शिवाय वारा.

शुक्रवारी मला हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. भाऊजी म्हणाले, “उद्या मुलरॅनीपर्यंत धावत जाऊ या.” म्हणजे 18 किलोमीटर. मोह झाला, पण मी नाही म्हटलं. कारण ते हलकेपण कपभर पाण्याचं होतं, आणि धावण्याचा भार झेलणार होती पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, म्हणजे अकिलीस. ही जाड दोरी प्रत्येक पावलाला स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि ऊर्जा परत देते. त्या क्षणी तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा पटींच्या आसपास ताण येतो. तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि तिला बळकट व्हायला महिने लागतात.

तिच्या गाभ्याची गोष्ट तर विलक्षण आहे. 1950च्या दशकापासून 1963पर्यंत झालेल्या अणुस्फोट चाचण्यांमुळे जगभरच्या हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात गेला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये माणसांच्या अकिलीस कंडरांमध्ये तो मोजला. ज्या काळात ती माणसं लहानाची मोठी होत होती, त्या काळाच्या हवेतला कार्बन गाभ्यात तसाच होता. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षानंतर हा गाभा जवळजवळ बदलतच नाही. बुधवारी मुलरॅनीच्या अलीकडे आम्ही पीटच्या दलदलीजवळ थांबलो होतो. उन्हात वाळत घातलेल्या पीटच्या काळ्या विटा, शेजारी कापलेली भिंत, एक मीटरच्या वर उंच. वर्षाला मिलिमीटरभर साठत, प्राणवायूविना न कुजलेलं हजारेक वर्षांचं गवत-शेवाळ त्या भिंतीत होतं. मी वाकून तिच्या तळाला हात लावला, गार आणि लोण्यासारखी मऊ. शुक्रवारी रात्री टाच चोळताना मला तीच भिंत आठवत होती.

शनिवारी मी मुलरॅनीला गेले, सायकलवर. हृदयाला हवा तेवढा व्यायाम मिळाला, टाचेला सुट्टी मिळाली.

ठाण्याला परतल्यावर सहा दिवस काहीच जमलं नाही. सातव्या दिवशी येऊरच्या चढावर घड्याळ पाहिलं: 163. व्यायाम थांबला की वाढलेला द्रव दिवसागणिक ओसरू लागतो. त्यात इथल्या उकाड्यात रक्ताचा मोठा वाटा अंग थंड करायला त्वचेकडे जातो, आणि हृदयाला दोन्हीकडे पुरं पडावं लागतं. उद्या पहाटे सायकल काढणार आहे, येऊरला धावायला परवा.