टपावरची सायकल: फ्रेम धरणारं कॅरियर आणि चिमटा धरणारं कॅरियर

एसटीच्या टपावर सायकल न्यायची तेव्हा सगळं सोपं होतं. मागच्या शिडीवरून कुणीतरी वर चढायचं, खालून सायकल उचलून द्यायची, वर ती आडवी टाकून सुंभाने बांधायची आणि लगेजचं तिकीट फाडायचं. ती सायकल वीस किलोची, लोखंडी, काळी. ओरखडा आला तरी कुणाला दिसायचा नाही. आता टप आपल्याच गाडीचा असतो आणि सायकल पगाराचे पैसे साठवून घेतलेली असते. स्वस्त कॅरियर घ्यायला दुकानात गेलं की समोर दोन वस्तू येतात. दोन्ही काळ्या, दोन्ही लांबट, दोन्हींना चाक बसायची पन्हळ आणि पट्टे. दुकानदार दोन्हींना ‘रूफ कॅरियर’च म्हणतो आणि बहुतेक लोक त्यातलं स्वस्त उचलतात.

फरक एवढाच की एक कॅरियर सायकलची फ्रेम धरतं आणि दुसरं पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक ज्याच्या दोन पायांमध्ये बसतं तो, सायकलवाल्यांच्या भाषेतला चिमटा. पण या एका फरकावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून माझं सांगणं असं की कॅरियर गाडी बघून घेऊ नका, सायकल बघून घ्या. तिचा कुठला भाग दाब सोसू शकतो, हे आधी ठरवा.

त्याआधी गाडीकडचा एक गोंधळ मिटवू. टपाच्या दोन्ही कडांना पुढून मागे जातात त्या रूफ रेल, आणि त्यांच्यावर आडवे बसतात ते क्रॉसबार. सायकलचं कॅरियर बसतं ते क्रॉसबारवर. नुसत्या रेल असून भागत नाही, आणि बऱ्याच गाड्यांवरच्या रेल तर फक्त शोभेच्या असतात, वजन घ्यायच्या नसतातच. गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा शोधा. ती 50 किलो असेल तर त्यात बार आणि कॅरियरही धरायचे. बारचे 5, दोन कॅरियरचे मिळून 8, पंधरा-पंधरा किलोच्या दोन सायकलींचे 30. झाले 43. तिसरी सायकल तिच्या कॅरियरसकट चढवली की 62. म्हणजे तिसरी नाही. रेल नसलेल्या गाडीला दाराच्या चौकटीला घट्ट बसणारे बार मिळतात, पण ते त्या त्या मॉडेलसाठीच घ्यायचे. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं लिहिलेले घेऊ नयेत.

आता फ्रेम धरणारं. यात दोन्ही चाकं सायकलवरच राहतात. सायकल पन्हळीत उभी करायची, एक दांडा वर घ्यायचा, त्याच्या टोकाचा जबडा फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर बसवायचा आणि मूठ फिरवून आवळायचा. मग दोन्ही चाकांचे पट्टे. उतरवल्यावर सायकल लगेच चालवायला तयार. घरात वेगवेगळ्या सायकली असतील, एक हायब्रिड, एक पोराची गिअरची, तर हेच सोयीचं, कारण पुढच्या चाकाचा धुरा कुठल्या जातीचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन सायकली शेजारी लावताना एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे करता येतं, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

त्याची दुखरी जागा म्हणजे तो जबडाच. जुन्या सायकलींच्या नळ्या गोल होत्या, हल्लीच्या अॅल्युमिनियमच्या फ्रेम तिकोनी, चपट्या, मधेच फुगलेल्या असतात. गोल नळीसाठी बनवलेला स्वस्त जबडा अशा नळीला दोन-तीन ठिकाणीच टेकतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना मी शिरवळला चहाला थांबलो होतो. सवयीने सायकल हलवून पाहिली तर जबडा नळीभोवती बोटभर फिरलेला होता. सोडून पाहिलं तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा रंग पार धातूपर्यंत गेला होता. कारण साधं होतं. आदल्या दिवशी मातीत चालवलेली सायकल मी न पुसता चढवली होती. रबर आणि नळीच्या मधली बारीक माती पन्नास किलोमीटर पॉलिश पेपरचं काम करत होती. तेव्हापासून ओलं फडकं गाडीतच असतं, आणि जबड्याचं रबर व नळी दोन्ही पुसल्याशिवाय मी मूठ फिरवत नाही. मधे जुनी ट्यूब गुंडाळायचा उपायही करून पाहिला आणि सोडून दिला. रबरावर रबर हळूहळू दबत जातं आणि निघताना घट्ट असलेली पकड वाटेत सैल होते.

कार्बनच्या फ्रेमला मात्र हा जबडा लावूच नये. कार्बनची नळी चालवतानाचा ताण उत्तम घेते, पण तिची भिंत पातळ असते आणि बाजूने चिमटण्यासाठी ती घडवलेली नसते. बाहेरून काही दिसत नाही आणि आत तडा गेलेला असतो. ‘हलकंच आवळतो’ हा त्यावर तोडगा नाही, कारण हलकं आवळलेली सायकल टपावर राहत नाही. वरचा दांडा नसलेल्या, साडी किंवा ड्रेस घालूनही चढता येईल अशा सायकलींचीही अडचण होते. जबड्याला धरायला नीट जागा मिळत नाही, मिळाली तर नेमक्या केबल तिथूनच गेलेल्या असतात.

चिमटा धरणाऱ्या कॅरियरमध्ये पुढचं चाक काढून गाडीत ठेवायचं. फोर्कची दोन टोकं कॅरियरच्या ठोकळ्यावर बसतात, जणू चाकाच्या जागी तो ठोकळाच आला. आडवा खटका दाबून बंद करायचा, मागच्या चाकाला पट्टा, झालं. फ्रेमला कुठेच हात लागत नाही. जोर येतो तो फोर्कच्या टोकांवर, आणि ती जागा चाक धरून ठेवण्यासाठीच बनवलेली असते. सायकल एकदा बसली की दगडासारखी बसते. माझ्या अनुभवात घाटातल्या आडव्या वाऱ्यात ही फ्रेमवाल्यापेक्षा कमी डुलते. चाक निघाल्यामुळे दीड-दोन किलो वजन कमी होतं, आणि एकट्याने डोक्याच्या वर उचलताना ते जाणवतं. रोड बाइक असेल, कार्बनची असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही.

पण इथे धुऱ्याची जात बघावी लागते. खटक्याने चाक निघणाऱ्या सायकलींचा पुढचा धुरा बहुतेक 9 मिलिमीटर जाडीचा आणि दोन टोकांमधलं अंतर 100 मिलिमीटर. स्वस्त कॅरियर त्याच मापाची असतात. डिस्क ब्रेकच्या बऱ्याच नव्या सायकलींना मात्र आरपार धुरा येतो, रोड बाइकला 12 बाय 100, माउंटन बाइकला 15 बाय 100 किंवा 15 बाय 110. त्या मापाचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो आणि स्वस्तातलं कॅरियर तिथेच महाग होतं. दुकानात जाण्याआधी धुऱ्यावर किंवा फोर्कवर कोरलेलं माप वाचून, फोटो काढून न्या. नटाने आवळलेल्या साध्या सायकलीला हे कॅरियर घेऊच नका. दर वेळी पाना काढायचा आणि अंतर जुळेलच याचीही खात्री नाही. पुढच्या चाकाला पूर्ण लांबीचा मडगार्ड असेल तर तोही आडवा येतो, कारण चाक निघालं तरी मडगार्ड फोर्कलाच लटकलेला राहतो.

खटका लावताना एक चूक फार होते. फोर्कच्या टोकांना खाली छोट्या कडा असतात, खटका सैल झाला तरी चाक निसटू नये म्हणून ठेवलेल्या. ठोकळ्याचा खटका पुरेसा उघडला नसेल तर फोर्क त्या कडांवरच टेकतो, पूर्ण खाली बसत नाही. वरून सगळं नीट दिसतं, खटकाही बंद होतो, पण धरलेल्या असतात त्या फक्त कडा. म्हणून बंद करण्याआधी हँडलवर वजन टाकून सायकल खाली दाबायची आणि दोन्ही बाजूंना वाकून बघायचं. खटका बंद होताना तळहातावर वळ उमटला पाहिजे. सहज मिटला तर सैल आहे.

डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक दाबू नका आणि मुलांनाही दाबू देऊ नका. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात, मग मुक्कामाला पोचल्यावर चाक आत जातच नाही. पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी अडकवली की काम होतं. काढलेलं चाक डिकीत टाकताना डिस्कची बाजू वर ठेवा, तिच्यावर पिशवी नको. आणि चाकाच्या खटक्यावरच्या दोन छोट्या स्प्रिंगा निघाल्या तर परत लावताना त्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला यायला हवीत.

चिमट्याच्या कॅरियरने उंची बरीच कमी होते असं अनेकजण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पुढचा भाग वीतभर खाली येतो, हँडल उतरतं. पण सीट मागच्या चाकाजवळ असते आणि मागचं चाक तिथेच असतं, त्यामुळे सीट जेमतेम दोन-तीन बोटं खाली येते. उंची मोजायची ती सीटची. दोन्ही प्रकारांत सीटपोस्टला टेपचा तुकडा लावून खूण करावी आणि सीट खाली सरकवावी.

ई-सायकलीचं म्हणाल तर दोन्ही नकोत. बॅटरी काढली तरी ती वीस किलोच्या घरात राहते, आणि स्वस्त कॅरियरवर एका सायकलीचं वजन साधारण 15 ते 17 किलोपर्यंतच लिहिलेलं असतं. जुनी लोखंडी सायकलही त्याच कारणाने बाद.

बांधून झालं की पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबा. सायकल धरून हलवायची, म्हणजे गाडी हलली पाहिजे, सायकल एकटी नाही. पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचा, नाहीतर हायवेवर टपावर ताशा वाजतो आणि पट्टा झिजतो. बाटली, पंप, दिवा, कुलूप, लहान मुलाची सीट सगळं आधीच उतरवा. पाऊस असला तरी सायकलीवर कव्हर घालू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. वेगाचंही भान हवं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मी ऐंशीवर थांबतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाड्या भराभर पुढे निघून जातात, जाऊ देत.

शेवटचा धोका तुम्ही परतल्यावर असतो. दोन दिवसांच्या भटकंतीने शिणलेलं डोकं रोजच्या रस्त्याने रोजच्यासारखं सोसायटीच्या तळघरात वळतं. साध्या हॅचबॅकची उंची दीड मीटर, बार आणि पन्हळ दहा सेंटिमीटर, सायकल मीटरभर. म्हणजे 2.6 मीटर. तळघराच्या तोंडाशी 2.1 किंवा 2.2 लिहिलेलं असतं. सायकल मोडते, बार उपटतात, टप चेमटतो, आणि जबडा चांगला की चिमटा याचा तिथे काही उपयोग नसतो. आमच्या गाडीत स्टिअरिंगला रबरबँडने एक पुठ्ठा अडकवलेला असतो: ‘वर सायकल, 2.65’. सायकल चढवली की आधी तो पुठ्ठा लागतो, मग किल्ली. सायकल उतरवली की मगच तो निघतो.