राष्ट्रीय दुखवटा वेगळा आणि शासकीय इतमाम वेगळा

कुणी मोठा शास्त्रज्ञ गेला की तासाभरात तेच प्रश्न सुरू होतात, उद्या सुट्टी आहे का, झेंडा खाली का नाही आणला, तिरंग्यात गुंडाळलं नाही म्हणजे सरकारला किंमतच नाही वगैरे. यात दोन गोष्टींची गल्लत होते आणि दरवेळी होते. एक म्हणजे दुखवटा, दुसरी म्हणजे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. दोन्ही सरकारच जाहीर करतं, बातमीतही बऱ्याचदा एकाच वाक्यात येतात, म्हणून लोकांना एकच वाटतात. पण एक मिळालं म्हणून दुसरं मिळतंच असं अजिबात नाही.

दुखवटा म्हणजे ठराविक दिवसांचा काळ. देशभरचा असेल तर केंद्रीय गृहमंत्रालय कळवतं, राज्यापुरता असेल तर राज्य सरकार. त्या दिवसांत जिथे रोज झेंडा फडकतो अशा सरकारी इमारतींवर तो अर्ध्यावर उतरवतात आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. बस्स, एवढंच. तुमच्या आमच्यावर काही बंधन नाही, दुकानं उघडी, लग्नं ठरल्याप्रमाणे.

इतमाम हा त्या माणसाच्या शेवटच्या निरोपाचा भाग. पोलीस किंवा सैन्याची तुकडी येते, मानवंदना देते, हवेत फैरी झाडतात, पार्थिवावर तिरंगा असतो. सगळं काही तासांत संपतं आणि जिथे अंत्यसंस्कार तिथेच होतं. थोडक्यात, याला पार्थिव लागतं, दुखवट्याला लागत नाही. ब्रिटनची राणी एलिझाबेथ गेली तेव्हा भारतानं 11 सप्टेंबर 2022 ला एक दिवसाचा दुखवटा पाळला, अंत्यसंस्कार मात्र तिकडे लंडनला. आणि उलट बाजूनं बघायचं तर अणुशास्त्रज्ञ होमी भाभा, 24 जानेवारी 1966 ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचं विमान कोसळलं, तिथे इतमामाचा प्रश्नच आला नाही कारण निरोप द्यायला पार्थिवच नव्हतं. त्यांची आठवण राहिली ती वेगळ्या वाटेनं, वर्षभरात मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला त्यांचं नाव दिलं, तेच आजचं बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र.

गोंधळ वाढण्याचं मोठं कारण मला वाटतं कलाम साहेब. 27 जुलै 2015 ला शिलाँगच्या आयआयएममध्ये लेक्चर देताना ते कोसळले आणि गेले, तर केंद्रानं सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला आणि 30 जुलैला रामेश्वरमला संपूर्ण लष्करी इतमामात दफन झालं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच टीव्हीवर दिसल्या. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं की मोठ्या शास्त्रज्ञाला हे पूर्ण पॅकेज मिळतं. पण खरं सांगायचं तर ते पॅकेज माजी राष्ट्रपतींना होतं, मिसाईलवाल्या शास्त्रज्ञाला नाही. लोक रडले शास्त्रज्ञासाठी आणि शिक्षकासाठी, प्रोटोकॉल लागला पदासाठी, असं माझं मत. (आणि त्यांची आठवण काढायला आपण महाराष्ट्रात दिवस निवडला तो जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, मृत्यूची तारीख नाही, हे मला फार आवडतं.)

त्याच्या शेजारी जयंत नारळीकरांचं उदाहरण ठेवा. 20 मे 2025 ला पुण्यात गेले. कुठलं घटनात्मक पद नाही, आयुष्यभर संशोधन, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. त्यांना वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात निरोप दिला. हा निर्णय राज्य सरकारचा होता आणि तो त्या माणसाच्या कामासाठी होता. इतमामाचा अधिकार पूर्वी ठराविक पदांपुरता असायचा, आता राज्य सरकार कुणालाही देऊ शकतं, शास्त्रज्ञ, गायक, लेखक, कुणीही. त्यामुळेच "यांना दिला, त्यांना का नाही" हे भांडण कधीच संपत नाही, कारण मोजायला पक्की पट्टीच नाही. भारतरत्न किंवा पद्म मिळालं म्हणून आपोआप मिळतो असंही नाही, कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो.

आता तिरंग्याचं, कारण इथे लोक भावनेच्या भरात चुकतात. पार्थिवावर तिरंगा घालणं हे शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी अंत्यसंस्कारातच चालतं. आपल्या लाडक्या सरांवर प्रेम आहे म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतःहून झेंडा आणून पांघरला तर 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अपमान प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. जिथे परवानगी असते तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि झेंडा चितेवर किंवा कबरीत जाऊ देत नाहीत, आधीच काढून घेतात.

झेंडा अर्ध्यावर आणायचीही पद्धत आहे, आधी पूर्ण वर चढवायचा मग अर्ध्यावर, आणि उतरवतानाही आधी वर नेऊन मगच खाली. दुखवट्यात 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी आला तर त्या दिवशी झेंडा पूर्ण वरच असतो, फक्त ज्या इमारतीत पार्थिव ठेवलंय तेवढीच अपवाद.

राहिली सुट्टी. केंद्राच्या 1997 च्या सूचनेनुसार सुट्टी फक्त पदावर असलेले राष्ट्रपती किंवा पंतप्रधान गेले तरच, म्हणून कलामांच्या सात दिवसांच्या दुखवट्यातही केंद्र सरकारची ऑफिसं चालूच होती. राज्य सरकारनं आपली वेगळी सुट्टी दिली तर गोष्ट निराळी, नाहीतर दुखवटा असो वा इतमाम, दुसऱ्या दिवशीचा परीक्षेचा पेपर ठरल्या वेळेलाच होतो, पोरांना आधीच सांगून ठेवा.