आमिना आणि अमीना : एकाच धातूची दोन नावे

पारपत्रावर रोमन लिपीत ‘अमिना’ असे नाव असले, तर त्या मुलीच्या आईवडिलांनी तिला नेमके कोणते नाव ठेवले आहे हे त्यावरून कळत नाही, कारण अरबीत तेथे दोन स्वतंत्र नावे संभवतात. एक ‘आमिना’, ज्यात पहिला स्वर दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व आहे. दुसरे ‘अमीना’, ज्यात हाच क्रम उलटा आहे. बोलताना आघात एका नावात ‘आ’वर पडतो आणि दुसऱ्यात ‘मी’वर, त्यामुळे अरबी कानाची सहसा गल्लत होत नाही.

दोन्ही नावे हमजा, मीम आणि नून या तीन व्यंजनांच्या एकाच धातूपासून आली आहेत, आणि निर्धास्तपणा व विश्वास या दोन कल्पना त्या धातूत एकत्र नांदतात. हा धातू मराठीला परका नाही. इमान, बेइमान आणि आपला ‘इमानेइतबारे’ हा शब्दप्रयोग त्याच कुळातला आहे. घर भाड्याने घेताना आपण जी ‘अनामत’ भरतो, तो शब्द तर मूळ ‘अमानत’मधील अक्षरांची अदलाबदल होऊन मराठीत रुळला आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती सोपवलेली वस्तू, हा अमानतीचा मूळ अर्थ आहे.

याच अर्थाजवळ दोन्ही नावांतील फरक स्पष्ट होतो. ‘आमिना’ म्हणजे जिला भय नाही, जी सुरक्षित आहे अशी स्त्री. ‘अमीना’ म्हणजे जिच्या हाती दुसऱ्याचे काही सुरक्षित राहते अशी, म्हणजेच विश्वासू स्त्री. पहिले नाव मुलीला लाभावी अशी स्थिती सांगते, तर दुसरे तिच्या अंगी असावा असा गुण सांगते. कुराणाच्या सोळाव्या अध्यायात एका नगरीचे वर्णन ‘आमिना’ याच शब्दाने, निर्भय आणि निश्चिंत नगरी असे केले आहे. ‘अमीन’ या पुल्लिंगी रूपाचा ठळक प्रसंग अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. मद्यन या ठिकाणच्या पाणवठ्यावर गुराख्यांच्या गर्दीमुळे दोन बहिणी आपली जनावरे घेऊन दूर थांबलेल्या असतात, आणि प्रेषित मूसा (बायबलमधील मोझेस) पुढे होऊन त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात. पुढे त्यांतील एक मुलगी वडिलांना सांगते की यांना कामावर ठेवा, कारण कामाला ठेवण्याजोगा उत्तम माणूस तोच, जो बलवान आणि ‘अमीन’ असतो. अर्थात या दोन अर्थांमधील कुंपण अभेद्य नाही. पंचाण्णवाव्या अध्यायात मक्केला ‘अमीन’ नगर म्हटले आहे आणि तेथे अर्थ ‘सुरक्षित’ असाच घ्यावा लागतो.

मुलींची नावे म्हणून ही दोन्ही नावे इतकी प्रिय का झाली, याचे कारण एकाच घरात सापडते. प्रेषित मुहम्मद यांच्या आईचे नाव आमिना होते. त्या कुरैश जमातीच्या जुहरा कुळातील वहब यांच्या कन्या. पती अब्दुल्ला मुलाच्या जन्मापूर्वीच वारले, आणि मुलगा सुमारे 6 वर्षांचा असताना मदिनेहून मक्केला परतण्याच्या वाटेवर अबवा येथे आमिना यांचाही मृत्यू झाला. मुलाला घरातील सेविका उम्म ऐमन यांनी मक्केला आणले. ‘निर्भय’ अशा अर्थाचे नाव धारण करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला असे आयुष्य यावे, हे वाचताना मन हेलावते. तोच मुलगा तरुणपणी मक्केत ‘अल्-अमीन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. लोक आपल्या अमानती त्यांच्याकडे ठेवत, आणि 622 मध्ये मक्का सोडताना त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी आपले चुलतभाऊ अली यांना मागे ठेवले, असे चरित्रपरंपरा सांगते. म्हणजे एक नाव आईचे आहे आणि दुसरे मुलाच्या लौकिकाचे स्त्रीलिंगी रूप आहे.

पश्चिम आफ्रिकेतील ‘अमिनाता’ आणि तुर्कीतील ‘एमिने’ ही याच कुळातील रूपे होत. उर्दूच्या प्रभावाखाली आमिनाचे ‘आमना’ होते. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘आमीन’ मात्र वेगळा शब्द आहे. त्याचे हिब्रू रूपही याच सेमिटिक (अरबी आणि हिब्रू ज्या भाषाकुळात मोडतात त्या कुळातील) धातूचे असले, तरी अर्थ ‘तथास्तु’ असा आहे.

मराठीत आणखी एक अडचण उद्भवते. देवनागरीत हा फरक अगदी नेमका दाखवता येतो, तरी आपण सर्रास ‘अमिना’ लिहितो, आणि हे रूप दोन्हींपैकी एकही नाव नाही. शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर असला की त्याआधीचा इकार ऱ्हस्व लिहिण्याची आपल्या हाताला सवय आहे. ‘महीना’चा ‘महिना’ तसाच झाला. सामान्य शब्दांना तो नियम शोभतो, पण विशेषनामाला लावला तर अर्थच पुसला जातो, म्हणून तो येथे लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शंका आल्यास घरात उर्दूत लिहिलेले नाव दाखवायला सांगावे. पहिल्या अलिफ या अक्षरावर मद्दा नावाच्या चिन्हाची आडवी लहर असेल तर ‘आमिना’ लिहावे. लहर नसून मीमनंतर ‘ये’ हे अक्षर असेल तर ‘अमीना’ लिहावे.