इनरश करंट संरक्षण (पॉवर कन्व्हर्टर)

पॉवर कन्व्हर्टर (मेन्सच्या एसी विजेपासून उपकरणाला हवा तसा पुरवठा करणारे सर्किट) चालू करताच पहिल्या काही मिलिसेकंदांत तो जो मोठा करंट ओढतो, त्याला इनरश करंट म्हणतात. ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडनंतरचा) मुख्य कपॅसिटर तेव्हा रिकामा असतो. त्या क्षणी तो जवळजवळ शॉर्टच. अडवायला वायरिंग आणि फिल्टर मिळून जेमतेम एक-दोन ओहम. साइन वेव्हच्या शिखरावर स्विच पडला तर करंट सहज शंभर-दोनशे अँपिअरवर जातो. डायोड जातात, स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटतात, फ्यूज उडतो.

लहान-मध्यम कन्व्हर्टरमध्ये सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे सिरीजमध्ये टाकलेला एनटीसी थर्मिस्टर. थंड असताना त्याचा रोध काही ओहम असतो, तापला की तो एक ओहमच्याही खाली उतरतो.

उदाहरणादाखल 230 व्होल्टवर चालणारा, 300 वॅटचा, पॉवर फॅक्टर सुधारणा (ओढलेला करंट व्होल्टेजच्या लयीत आणणारे सर्किट) नसलेला आणि 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलेला कन्व्हर्टर घेऊ. हिशेब नेहमी वाढीव व्होल्टेजवर करावा: 10 टक्के जास्त म्हणजे 253 व्होल्ट, शिखर 358. करंट 40 अँपिअरच्या आत ठेवायचा तर किमान 9 ओहम हवेत, म्हणून बाजारात मिळणारा 10 ओहमचा. अनेक जण इथेच थांबतात, आणि थर्मिस्टरची चकती तडकते ती याच घाईमुळे. कपॅसिटर भरताना त्यात जेवढी ऊर्जा साठते, साधारण तेवढीच रोधात उष्णता होऊन जाते, मग रोध कितीही घ्या. इथे ती सुमारे 30 ज्यूल. डेटाशीटमध्ये ही मर्यादा ज्यूलमध्ये किंवा 'कमाल कपॅसिटन्स' म्हणून दिलेली असते. सततच्या करंटचा हिशेब मात्र उलट, कमी व्होल्टेजवर: 180 व्होल्ट, 85 टक्के कार्यक्षमता आणि 0.6 पॉवर फॅक्टर धरला तर सुमारे 3.3 अँपिअर. 5 अँपिअरचा थर्मिस्टर बरा. पेटी बंद आणि गरम असेल तर त्याहून मोठा. फ्यूजसाठी 30 ज्यूलला 10 ओहमने भागावे: 3 अँपिअर-वर्ग-सेकंद. फ्यूजचा वितळण्याचा आकडा (डेटाशीटमधला I²t) याच्या काही पट हवा, कारण हा धक्का त्याला रोज सोसायचा असतो.

थर्मिस्टरची खरी अडचण वीज क्षणभर जाऊन आली की कळते. लोडमुळे कपॅसिटर लगेच रिकामा होतो, थर्मिस्टर मात्र शंभर अंशांच्या वर तापलेलाच असतो. तो निवायला मिनिटभर किंवा जास्त लागते. तेवढ्यात वीज आली तर संरक्षण जवळपास नसतेच. म्हणून मोठ्या कन्व्हर्टरमध्ये कपॅसिटर भरल्यावर रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) रोध बायपास करतात. लोड त्यानंतरच सुरू व्हायला हवा. रिले लागलाच नाही तर पूर्ण लोड रोधातून वाहून तो जळतो. त्यासाठी तापल्यावर रोध वाढणारा पीटीसी वापरतात.

एकेक कन्व्हर्टर सुरक्षित असला तरी एका एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दहा-वीस एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्यांचे छोटे कन्व्हर्टर) एकदम चालू झाले की तो ट्रिप होतो. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पटीला तत्काळ पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटीला. अशा ठिकाणी सी प्रकार लावतात किंवा दिवे दोन-तीन सर्किटांत वाटतात.