शेंझेन: ते मच्छीमारांचं खेडं नव्हतंच मुळात

आपल्याकडे सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा, विषय निघाला की कोणीतरी चीनमधलं, हाँगकाँगला लागून असलेलं शेंझेन काढतंच. "चाळीस वर्षांपूर्वी तिथे मच्छीमारांचं एक खेडं होतं, आणि आता बघा!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिड होते, कारण यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि जे काही खरं घडलं ते सगळं "आता बघा" मध्ये गुंडाळून टाकलंय. म्हणून जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

तर ते खेडं नव्हतं, अख्खी बाओआन काउंटी होती, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका समजा. १९७९ च्या सुमाराला तीन लाखांवर माणसं, भातशेती, लिचीच्या बागा, किनाऱ्याला कालवं. शेंझेन हे तिथलं बाजाराचं गाव, हाँगकाँगकडून सरहद्द ओलांडली की रेल्वेचं पहिलं स्टेशन. नावातल्या "झेन"चा तिथल्या बोलीतला अर्थ शेतातला पाट, म्हणजे शेंझेन म्हणजे खोल पाट. पश्चिमेला नानतौ नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे, ते कैक शतकं सरकारी ठाणं होतं आणि आजचं हाँगकाँग त्याच ठाण्याच्या हद्दीत यायचं. १९व्या शतकात इंग्रजांनी तुकड्यातुकड्याने ते तोडून घेतलं. म्हणजे हाँगकाँग हाच खरं तर या तालुक्याचा तुटलेला भाग आहे, हे लक्षात घेतलं की पुढचं सोपं जातं.

पुढचं म्हणजे पळून जाणं. १९५० च्या दशकापासून इथली माणसं रात्री खाडी पोहून नाहीतर डोंगर चढून हाँगकाँगला पळायची, १९६२ मध्ये तर लोंढाच गेला, आणि १९७८-७९ मध्ये परत तेच. अलीकडे आणि पलीकडे एकाच आडनावाचे भाऊबंद, फरक फक्त मजुरीचा, आणि तो कैक पटींचा. काही गावांत म्हातारी आणि पोरंच उरली. १९७८ मध्ये शी चोंगशुन (हो, आत्ताच्या शी जिनपिंगचे वडील) ग्वांगदोंग या तिथल्या प्रांताच्या कारभाराला आले, सरहद्दीवर फिरले, आणि पहारे वाढवून हे थांबणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी बीजिंगला जाऊन प्रांताला जरा मोकळीक मागितली. चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते देंग शियाओपिंग यांचं उत्तर साधारण असं होतं की नाव "विशेष क्षेत्र" द्या, केंद्राकडे पैसा नाही, वाट तुमची तुम्हीच काढा. २६ ऑगस्ट १९८० ला कायदा मंजूर झाला, शेंझेनबरोबर झुहाई आणि शांतौही (शियामेन थोडं मागून). त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगने पळून आलेल्यांना शहर गाठलं की राहू द्यायची सवलत बंद केली. एक दार उघडलं आणि दुसरं लागलं, तेही दोन महिन्यांत.

पण कायद्याच्या आधीच कामाला लागलेला एक माणूस होता, युआन गेंग. चायना मर्चंट्स नावाच्या सरकारी कंपनीचा हाँगकाँगमधला प्रमुख. त्याला खरं म्हणजे जुनी जहाजं तोडायला जागा हवी होती, कारण हाँगकाँगच्या बांधकामांना लोखंड लागत होतं. याच काउंटीतल्या शेकौ इथे दोनेक चौरस किलोमीटर जागा मिळाली आणि १९७९ मध्ये बंदराचं काम सुरू झालं. इथला एक किस्सा मला अख्ख्या शेंझेनच्या इतिहासातला सगळ्यात बोलका वाटतो. ड्रायव्हर मातीच्या २०-३० खेपा करायचे दिवसाला, कारण कमी केल्या काय न् जास्त केल्या काय, पगार तोच. मग ठरलं की ५५ खेपांपर्यंत दर खेपेला २ फन आणि त्यापुढच्या प्रत्येक खेपेला ४ फन बोनस. फन म्हणजे युआनचा शंभरावा भाग, पैसाच म्हणा ना. खेपा ८०-९० वर गेल्या. वरून आदेश आला की बोनस बंद करा, बोनस बंद झाला आणि खेपा परत खाली आल्या. १९८० मध्ये प्रकरण पार बीजिंगला पक्षाच्या वरच्या पातळीवर गेलं आणि तेव्हा कुठे ते ४ फन परत सुरू झाले. "वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन" हा फलक याच शेकौतला. आज कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर चिकटवलेलं वाक्य वाटेल पण तेव्हाच्या चीनमध्ये "पैसा" असा शब्द जाहीर लिहिणं म्हणजे नोकरी गमावायचं काम होतं.

बाकी बांधकाम बऱ्यापैकी सैनिकांनी केलं. लष्कराच्या बांधकाम तुकड्यांतले वीसेक हजार जवान आले, बांबूच्या झोपड्यांत राहिले, १९८३ मध्ये सगळ्यांची वर्दी उतरवून त्यांना शहरातले कामगार करून टाकलं. स्टेशनजवळचा सखल भाग पावसात बुडायचा, तर शेजारची लुओहू टेकडी फोडून तिची माती तिथे भरली. मग ५३ मजल्यांची ग्वोमाओ इमारत, तीन दिवसांत एक मजला, त्याला "शेंझेन स्पीड" म्हणायला लागले.

आणि कुंपण! हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. झोन, म्हणजे ते विशेष क्षेत्र, होता ३२७.५ चौरस किलोमीटरचा आणि उरलेल्या काउंटीपासून, म्हणजे स्वतःच्याच देशापासून, तो तारेच्या कुंपणाने तोडला होता. हाँगकाँगची हद्द ही पहिली रेषा, हे कुंपण दुसरी. आत यायला चिनी माणसालाच पास लागायचा, चौक्यांवर बसमधून उतरवून पास तपासायचे. त्यामुळे एकाच शहराचे दोन तुकडे पडले, आत बँका, ऑफिसं, बागा, आणि बाहेर जमीन स्वस्त म्हणून कारखाने आणि त्यांची वसतिगृहं. २०१० मध्ये झोन सगळ्या शहराला लागू झाला आणि कुंपण कागदोपत्री रद्द व्हायला २०१८ उजाडलं. तोपर्यंत ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, "आतला" की "बाहेरचा".

जमिनीचं बघा. १ डिसेंबर १९८७ ला शेंझेनमध्ये ८,५८८ चौरस मीटरच्या एका प्लॉटचा ५० वर्षांसाठी जाहीर लिलाव झाला, ५२.५ लाख युआनला गेला. तेव्हा चीनच्या घटनेप्रमाणे हे चक्क बेकायदा होतं, घटना बदलली एप्रिल १९८८ मध्ये. आधी करून टाकायचं, चाललं तर कायदा मागून येतो, ही तिथली रीतच.

आता माणसं. कारखाने हाँगकाँगवाल्यांचे, कच्चा माल बाहेरून यायचा, खेळणी, कपडे, रेडिओ जोडून परत बाहेर. हे जोडकाम करायला आल्या हुनान, सिचुआन, जियांगशीच्या खेड्यांतल्या सतरा-अठराच्या मुली, त्यांना "दागोंगमेई" म्हणायचे, म्हणजे परक्याकडे राबणारी पोरगी. एका खोलीत आठ-दहा-बारा जणी, दोन-तीन मजली लोखंडी खाटा, पडदा लावला की तेवढीच आपली जागा, महिन्याला घरी मनीऑर्डर. घर बांधलं जायचं गावाला, भावाचं शिक्षण व्हायचं गावाला, आणि लग्नाचं वय झालं की परत जायचं, कारण हुकोउ म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद गावाचीच. काही परत गेल्या नाहीत हा खरा सामाजिक बदल, वडिलांना विचारल्याशिवाय स्वतःचे पैसे खर्च करणारी ती पहिलीच पिढी. १९ नोव्हेंबर १९९३ ला झीली खेळणी कारखान्यात आग लागली, दारं बंद, खिडक्यांना गज, ८० हून जास्त कामगार गेले, बहुतेक मुलीच. पुढच्या वर्षी देशाचा कामगार कायदा मंजूर झाला, त्यामागे ही आग होती असं बरेच जण मानतात.

या सगळ्यांना राहायला घरं कोणी दिली? सरकारने नाही. गावांनी दिली. सरकारने शेती घेतली पण गावठाण सोडलं, कारण घरं हलवायची तर भरपाई द्यावी लागली असती आणि पैसे नव्हते. शेती गेलेल्या गावकऱ्यांनी स्वतःच्या घराच्या जागेवर आधी दोन मजले चढवले, मग पाच, मग आठ. मजल्यांवर मर्यादा होती पण "आता बंद होणार, आता पाडणार" अशी आवई उठली की रातोरात आणखी एक स्लॅब पडायचा (गुंठेवारीत घर घेतलेल्यांना हे सांगायची गरज नाही). दोन इमारतींत अंतर इतकं कमी की समोरच्या खिडकीतल्याशी हात मिळवता येतो, त्यांचं नावच "हस्तांदोलन इमारती". खाली गल्लीत दुपारी पण ट्यूब लागते, डोक्यावर वायरींचं जाळं, कपडे वाळत नाहीत. पण भाडं परवडतं, कामाची जागा चालत गाठता येते, खाली हुनानी तिखट मिळतं. शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं अशा गावठाणांत राहत आलीयेत. आणि गावकऱ्यांनी सामुदायिक मालमत्तेच्या कंपन्या काढल्या, प्रत्येक घराला शेअर, वर्षाला लाभांश. काल भात लावणारा आज घरमालक. मूळची भाषा कँटनीज आणि हाक्का, पण भाडेकरू सगळ्या देशातले, त्यामुळे शहर मँडरिन बोलायला लागलं, कँटनीज बोलणाऱ्या ग्वांगदोंगमध्ये हे वेगळंच.

आपला संबंध इतकाच की २००० साली तेव्हाचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन चीनचे झोन बघून आले आणि आपल्याकडे सेझ आले, २००५ मध्ये कायदा झाला. गंमत म्हणजे कांडल्याचं निर्यात क्षेत्र १९६५ चं, अंधेरीचं सीप्झही शेंझेनच्या आधीचं. आपण उचलली ती हद्द आणि करसवलत. गावठाण आणि भाड्याची खोली आपल्या आराखड्यात नव्हतीच. गोव्यात २००७ संपता संपता सेझ रद्द करायला लागले, आणि रायगडात हेटवणे धरणाच्या पाण्यावरच्या २२ गावांत २००८ मध्ये सरकारला शेतकऱ्यांचं मतदान घ्यावं लागलं. शेंझेनच्या गावकऱ्यांना तसं मत कोणी विचारलं नव्हतं, पण घराखालची जागा तरी हातात राहिली होती.

२००४ मध्ये कुंपणाबाहेरच्या बाओआन आणि लोंगगांग या भागांची उरलीसुरली गावची जमीनही सरकारी झाली आणि शेंझेन हे शेतकरीच नसलेलं शहर ठरलं, कागदावर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर. आता गावठाणांचा पुनर्विकास चाललाय. बाइशीझोउ त्यातलं मोठं, अर्ध्या-पाऊण चौरस किलोमीटरमध्ये दीडेक लाख माणसं. २०१९ मध्ये ते रिकामं करायला सुरुवात झाली. घरमालकांना बदल्यात फ्लॅट. भाडेकरूंना नोटीस, आणि मुलांची शाळा पत्त्यावर ठरत असल्यामुळे आईबाप त्याच शाळेच्या आसपास मिळेल त्या भाड्याने दुसरी खोली शोधत फिरत होते.