रेचकांनी आतडी खरंच आळशी होतात?

पोट साफ होण्याची औषधं रोज घेतली की आतडी आळशी होतात, या धाकाने कित्येकजण वर्षानुवर्षं कुंथत राहतात. वाईट वाटतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रेचक आतड्यात पाणी धरून ठेवतं, मल मऊ राहतो. त्याची सवय लागत नाही. सोनामुखी, बिसाकोडिल ही रेचकं आतड्यांना चालना देतात. योग्य मात्रेत त्यांनी आतडी निकामी होतात, याला भक्कम पुरावा नाही.

बद्धकोष्ठतेवर अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून केलेला उपचार, हेही थोतांड नव्हे. चीनमधल्या १,०७५ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ आठवड्यांत २८ वेळा सुयांतून सौम्य वीजप्रवाह दिला. आठवड्याला सरासरी तीनदा तरी पोट पूर्ण साफ होणारे ३१.३ टक्के निघाले. लुटुपुटूच्या उपचारात १२.१ टक्के. फायदा खरा, पण बहुतेकांना तेवढा मिळाला नाही. त्यामुळे सुयांच्या भरवशावर चालू औषध परस्पर बंद करू नका.