वजन उतरलं, कातडी राहिली: सरकारी योजनेतून ऑपरेशन होतं का?

कोल्हापूरच्या रंकाळ्याला फेऱ्या मारून असो की बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याचं) ऑपरेशन करून, पन्नासेक किलो वजन उतरलं की पोटाची कातडी झुलीसारखी लोंबायला लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या घडीखालची ओल दिवसभर वाळत नाही. खाज सुटते, चट्टे उठतात, कधी चिरा पडून पाणी येतं. व्यायामानं चरबी जाते, पण इतकी सैल झालेली कातडी आवळत नाही. मग लोक विचारतात, हे योजनेत बसवता येईल का?

‘पोट सपाट करायचंय’ असं म्हणून गेलात तर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि शुभ्र रेशनकार्डवाल्यांनाही आता दार उघडं आहे. पण निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रिया त्यातून वगळलेल्या आहेत. लोंबती घडी कापून काढणं वेगळं आणि स्नायू आवळून पोटाला आकार देणं वेगळं. त्रासाचा मुद्दा मांडता येतो तो पहिल्यासाठी. दंड-मांड्यांचं मंजूर होणं त्याहून अवघड.

म्हणून सगळी भिस्त केसपेपरवर. मेडिकलमधून परस्पर मलम आणून लावलं तर त्रास तेवढाच होतो, पण कागदावर काहीच उरत नाही. कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून आधी त्वचारोग विभागात दाखवा. चट्टे किती वेळा आले, कोणती औषधं दिली, तरी परत आले का, चालताना काय होतं, हे डॉक्टरांना सांगा आणि कागदावर लिहून घ्या. लाजू नका, जखम असेल त्या दिवशीच फोटो काढून ठेवा. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद हातात असली की सर्जनशी बोलणं सोपं जातं.

सर्जन आधी वजन बघतील. ते साधारण सहा महिने स्थिर हवं. बॅरिअॅट्रिक झालं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. हिमोग्लोबिन, साखर आणि प्रथिनं ठीक हवीत. तंबाखू, मिश्री, सिगारेट किमान महिनाभर आधी बंद, नाहीतर जखम भरत नाही. (मिश्री ‘फक्त दातांना’ लावतो म्हणणाऱ्यांनीही.) सोबत हर्निया असेल तर स्पष्ट विचारा: हर्नियाचं पॅकेज मंजूर झालं म्हणजे कातडीही त्यातच निघेल असं धरू नका.

योजनेसाठी पायरी एकच: अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील रुग्णालयातला आरोग्यमित्र, तिथे योजनेचं काम बघणारा माणूस. त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार, असल्यास आयुष्मान कार्ड, केसपेपर आणि तपासण्यांचे रिपोर्ट न्या. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते घरीच बघा. लग्नानंतर बदललेल्या नावांवर सगळ्यात जास्त फेऱ्या होतात. पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालय पाठवतं, आपण नाही. मंजुरीआधी पैसे भरून ऑपरेशन केलंत तर ते मागून परत मिळतील या आशेवर राहू नका. नकार आलाच तर कारण लेखी मागा. तक्रारीसाठी हेल्पलाइन 155388.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे बरेच जण धावतात, पण तिथे ठराविक आजारांची यादी आहे आणि हे ऑपरेशन त्यात नाही.

धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता मात्र खरंच तपासण्यासारखा आहे. त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. गरज वैद्यकीय आहे हे तिथेही दाखवावं लागतंच, तेव्हा सीपीआरचे जुने केसपेपर त्याच पिशवीत ठेवा.